नसलेल्या पायाचा पंचनामा

खराडे जमादार जेवायला बसले की आधी डब्याचा पंचनामा व्हायचा. झाकण काढून उताणं ठेवायचे आणि कुणी ऐकत असो वा नसो, सुरू व्हायचे: "जुंधळ्याची भाकरी, नग दोन. पैकी एक काठाला करपलेली. पूर्वेस ठेचा, पश्चिमेस फोडलेला कांदा, उत्तरेस वांगं, दक्षिणेस मोकळी जागा." मग त्या मोकळ्या जागेकडं जरा वेळ टक लावून बघायचे आणि हळूच म्हणायचे, "हितं काल लोणचं हुतं." आमच्यापैकी कुणाच्या तरी डब्यातलं लोणचं तिथं जाऊन पडेपर्यंत पंचनामा पुरा होत नसे. बहुतेक वेळा ते माझंच असायचं.

मी तेव्हा सांगलीला दारूबंदीच्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. ऑफिस नेमकं कुठलं ते सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. तीन खोल्या, एक पंखा, ढकलल्याशिवाय सुरू न होणारी एक जीप आणि मागच्या बाजूला मुद्देमालाची खोली. त्या खोलीत जप्त केलेली मडकी, रबरी नळ्या, गुळाच्या ढेपा असला सगळा संसार भरलेला. पावसाळ्यात त्या खोलीचा असा वास सुटायचा की माझी आई म्हणायची, "तू नोकरी कुठं करतेस म्हणून सांगू मी लोकांना?"

पहिल्या दिवशी जमादारांनी माझी चौकशी केली ती अशी. माझ्या टेबलापुढं उभे राहिले, मला बघितलं, टाइपरायटरला बघितलं, परत मला बघितलं. "मशीन जुनं, बाई नवी," एवढं बोलले आणि गेले. तेव्हापासून मी मशीनबाई. घरी मला चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण ऑफिसात शेवटपर्यंत कुणी वापरलं नाही. राग यायचा हो, खोटं कशाला सांगू. पण पुढं पुढं घरच्या नावानं कुणी हाक मारली की मीच इकडं तिकडं बघायला लागले.

बाहेरून आले की जमादार माझ्याशेजारी स्टूल ओढून बसायचे आणि डोळे मिटून पंचनामा सांगायचे. तीस वर्षं हेच केल्यामुळं त्यांचं सगळं बोलणंच तसं झालं होतं. लेकीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आले तेव्हाही, "पूर्वेस मारुतीचं देऊळ, पश्चिमेस हापसा, मधी मांडव, समक्ष हजर ऱ्हावं," असं सांगून गेले. कुणालाही पत्ता विचारावा लागला नाही, हेही तितकंच खरं.

त्यांचं मराठी मी टाइप करता करता सुधारायची. 'हुतं'चं 'होतं', 'मधी'चं 'मध्ये'. एकदा त्यांनी तो कागद हातात घेऊन वाचला, उलटा करून बघितला आणि माझ्यापुढं ठेवला. "मशीनबाई, शुद्ध लिवलं की खोटं वाटतंय," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, कोर्टात जायचंय हे." तर म्हणाले, "म्हनून तर. जज्ज म्हनंल, ह्यो खराडे असं कवा बोलाय लागला?" मी त्यांचं ऐकलं नाही. मला माझ्या मराठीचा फार अभिमान होता त्या काळात.

जमादारांची खरी ख्याती नाकाची. माणूस सायकलवरून चाललेला, दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस, आणि मध्येच थांबायचा. हवेत नाक वर करायचा आणि फडात बोट दाखवायचा. तिथं हातभट्टी असायचीच. "आदी नाक, मग कायदा," असं ते म्हणत. स्वतः मात्र सुपारीसुद्धा खात नसत, नाक बिघडतं म्हणून.

या नाकाचा आमच्या साहेबांनाही धाक होता. साहेब पुण्याचे, गोरेपान, बोलणं एकदम पुस्तकातलं. एकदा थंडीच्या दिवसांत त्यांना पडसं झालं होतं आणि त्यांनी घरून निघताना औषध म्हणून चमचाभर काहीतरी घेतलं होतं. म्हणजे चमचा केवढा होता ते आम्हाला माहीत नाही. जमादार फाइल घेऊन साहेबांच्या खोलीकडं गेले ते उंबऱ्यावरच थबकले. नाकाला धोतराचा सोगा लावला. खाकी कोटाखाली ते धोतरच नेसत, त्याबद्दल त्यांना दोनदा मेमो मिळाला होता. बाहेरूनच म्हणाले, "साहेब, आज मी भाईरच बसतो."

साहेब म्हणाले, "का हो? आत या की."

"आत आलो तर लिवावं लागंल."

त्या दिवशी साहेब दुपारीच घरी गेले. जमादारांनी या कानाची गोष्ट त्या कानाला सांगितली नाही. आम्हाला कळलं, कारण मी दाराला लागूनच बसत होते.

अशा माणसानं एक दिवस एक पंचनामा आणला आणि सांगताना डोळे मिटले नाहीत, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आष्ट्याच्या पुढं एका वाडीत ते हातभट्टीच्या खबरेवरून गेले होते. हातभट्टी सापडली नाही. परत येताना वारा फिरला आणि यांनी सायकल थांबवली. एका घराच्या गोठ्यामागं गांजाचं झाड होतं.

"पूर्वेस शेणखई, पश्चिमेस झेंडू, उत्तरेस बांध, दक्षिणेस मोरी," जमादार सांगत होते. "मधी झाड एक, पुरुषभर उंच. समूळ उपटून जप्त. मालक, बेवारस."

माझी बोटं थांबली. "गोठ्यामागचं झाड बेवारस कसं?"

"कुनी माजं हाय म्हनलं न्हाई."

"तुम्ही विचारलंत का?"

"न्हाई."

मग मुद्देमालाच्या खोलीकडं बघत आपणहून सांगायला लागले. घर एका सुभेदाराचं. पलटणीतून आला तो डावा पाय लढाईत ठेवून आला. गुडघ्याखाली काही नाही. आणि जो पाय नाही तोच दुखतो. रात्रभर असा ठणकतो की माणूस बाजेवर बसून दिवस उजाडायची वाट बघतो. सगळी औषधं झाली. शेवटी कुणीतरी त्या झाडाचा पाला दुधात उकळून द्यायला सांगितलं, तेव्हा कुठं झोप लागायला लागली. सुभेदाराची बायको हौसाक्का. जमादारांनी झाडाला हात घातला तेव्हा ती रडली-भेकली नाही. एवढंच म्हणाली, "आवं जमादार, झाड न्हवं ते. मालकांची झोप हाय ती."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, तवर झाड उपटून झालं हुतं. आन् पडवीत सुभेदार बसल्याला. त्यानं माजी खाकी बघितली आन् भिताडाला धरून हुभा ऱ्हायला. एका पायावर. सलाम ठोकला." जमादारांनी आपले दोन्ही हात माझ्यापुढं धरले. "माज्या हातात झाड, मशीनबाई. सलाम कुठल्या हातानं घ्यावा?"

मी 'बेवारस' टाइप केलं.

त्या दिवसापासून त्यांना त्या पायानं धरलं. डब्याचे पंचनामे आखूड झाले. मध्येच म्हणायचे, "मशीनबाई, ज्यो मुद्देमाल जाग्यावरच न्हाई त्यो दुखतोय कसा?" मला काय माहीत? शेवटी मिरजेत एका मोठ्या डॉक्टरला विचारून आले. डॉक्टर म्हणाले, हे खरं असतं, पाय जातो पण शिरांना त्याची सवय राहते. जमादारांनी येऊन ते मला आपल्या भाषेत समजावलं. "म्हंजे पाय फरार झालाय, पर त्याच्या नावचं वारंट अजून फिरतंय."

दर पंधरवड्याला काहीतरी निमित्त काढून ते वाडीला जायला लागले. एकदा दुखण्यावरचं तेल घेऊन गेले. सुभेदार म्हणाला, "लय उपकार झालं. आता लावायचं कुठं तेवडं सांगा." हे सांगताना जमादार हसले. मी विचारलं, "हौसाक्का काही बोलते का?"

"चा देती. पर बसा म्हनत न्हाई. हुभ्यानंच पितो मी."

आमच्याकडं आल्यागेल्याला 'बसा' न म्हणणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्यांनाच कळेल. शिव्या दिल्या तर माणूस विसरतो.

असे पाच-सहा महिने गेले आणि वरून एक परिपत्रक आलं. 'औषधी प्रयोजनार्थ विजया उपलब्ध करून देणेबाबत.' मीच त्याच्या प्रती काढल्या, पाच कार्बन घालून. ज्या रोग्याला दुसऱ्या औषधानं गुण येत नाही त्यानं सरकारी डॉक्टरचा दाखला जोडून अर्ज करायचा. वरून मंजुरी आली की परवाना मिळणार, आणि त्यावर मिरजेच्या एका ठरवून दिलेल्या वैद्यांकडून महिन्याची पुडी. साहेबांनी सगळ्यांना बोलावून परिपत्रक वाचून दाखवलं. जमादारांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "साहेब, ही विजया कुनाची कोन?"

साहेब म्हणाले, "भांग हो, खराडे. त्या गांजाच्याच झाडाचा पाला. वैद्यकात तिला विजया म्हणतात."

जमादार उभे होते ते खाली बसले. "तीस वर्सं मी हिला उपटली," म्हणाले. "हिला येवडं चांगलं नाव हाय, हे मला कुनी सांगितलं न्हाई."

योजना गावोगाव जाऊन समजावून सांगायची होती. गावं कुणाला माहीत? जमादारांना. पहिलं गाव कुठलं घ्यायचं असं साहेबांनी विचारायच्या आतच ते म्हणाले, "पयलं गाव मी सांगतो." आणि मला बाहेर येऊन म्हणाले, "दिवाळी झाली की मी रिटायर. त्याच्या आत त्या मानसाला झोप द्याची हाय. मी उपटली, मीच लावनार. माज्या मागारी ह्या फायलीला कुनी हात लावनार न्हाई, तुमास्नी म्हाईत हाय." होतं मला माहीत. आमच्या ऑफिसात फाइल एकदा कपाटात गेली की मुद्देमालासारखीच राहायची.

ठरलं. जमादारांनी आदल्या दिवशी वाडीत जाऊन दवंडी द्यायला सांगितलं. "भांगंची सरकारी स्कीम आलीया, ज्याला पायजे त्यानं सकाळच्या पारी चावडीवर यावं." शब्द न् शब्द पाठ करून घेतला. दवंडीवाला विचारी माणूस निघाला, तिथं घोटाळा झाला. घरी जाऊन त्यानं विचार केला की सरकार भांग कशाला देईल? आणि तेही जमादारांच्या हातनं? जमादार चुकून बोलले असतील, म्हातारपण आहे. तेव्हा त्यानं आपल्या मनानं दुरुस्ती केली आणि गावभर ओरडून आला, "भांगलणीची सरकारी स्कीम आलीया हो."

आमच्याकडं खुरपणीला भांगलण म्हणतात. दुष्काळापासून सरकारी कामाची लोकांना सवय झालेली. सकाळी मी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन जीपमधून उतरते तर चावडीपुढं बायकाच बायका. डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या, कनवटीला भाकरी बांधलेली, आणि प्रत्येकीच्या हातात खुरपं. मला क्षणभर वाटलं आमच्यावर चाल करून आल्यात.

जमादारांचा तर ऊर भरून आला. मला म्हणाले, "बघा मशीनबाई, किती रोगी मानसं हायत." मग पारावर चढले, टोपी सारखी केली आणि बोलायला सुरुवात केली. "बायानू, सरकारनं तुमची कळकळ जानली."

पुढं बसलेली एक म्हातारी होती, तोंडात दात नाही पण जीभ धारदार. तिनं मुद्द्याचं, म्हणजे मजुरीचं विचारलं. "रोज किती?"

"डाक्टर सांगंल तेवडी."

"रोज डाक्टर ठरीवनार?" म्हातारीनं शेजारणीकडं बघितलं. "मुकादम कुठं गेला मग?"

"त्यात मुकादमाचं काय काम? डाक्टर तुमाला तपासनार, मग आकडा लिवनार."

"बाईला किती आन् गड्याला किती?"

"तसं न्हाई. ज्याच्या त्याच्या वजनावर हाय."

एकदम गलका झाला. वाळक्या बायका एका बाजूला आणि जाड्या एका बाजूला, असे सरळ दोन पक्ष पडले. एकजण म्हणाली की हे बरोबर नाही, काम हातानं करायचं, वजनाचा संबंध काय? जमादार घामाघूम. "आवं काम कसलं? काय करायचं न्हाई. घ्यायची आन् गप पडून ऱ्हायाचं."

"आन् तन कोन काढनार?"

"कसलं तन?"

"भांगलायचं कुठलं रान हाय, ऊस का शाळू, त्ये तरी सांगशीला का न्हाई?" म्हातारीनं खुरपं जमिनीवर आपटलं.

तेव्हा जमादारांच्या डोक्यात उजेड पडला. ते म्हणाले, "मावशी, भांगलन न्हवं. भांग. प्याची भांग."

सगळ्या बायका म्हातारीकडं बघायला लागल्या. म्हातारीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "दुष्काळात सुकडी दिली, आता भांग देतंय व्हय सरकार? चला गं, उठा. ह्येनं सकाळीसकाळी घेतल्याली दिसतीया."

ज्या माणसानं जन्मात सुपारी खाल्ली नाही त्याला हे ऐकावं लागलं. बायका हसत, कुजबुजत, खुरपी परजत निघून गेल्या. मी एवढी हसले की फॉर्मांचा गठ्ठा हातातनं सुटला, आणि ते गोळा करायला वाकले तेव्हा मला पाय दिसले. सगळे गेल्यावर एकच बाई उभी राहिली होती. उंच, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिच्या हातात खुरपं नव्हतं.

"सगळ्यांनी भांगलन ऐकलं," ती जमादारांना म्हणाली. "मी भांगच ऐकलं."

हौसाक्का ती. माझं हसू जाग्यावर राहिलं. दवंडीवाला तर भांगलण म्हणूनच ओरडला होता, मग हिला भांग कसं ऐकू आलं, हे मी नंतर विचारलं. तर म्हणाली, "बाई, ज्याला ज्येची गरज, त्याला त्येच ऐकू येतं." तिथंच चावडीच्या पायरीवर बसून मी तिचा फॉर्म भरला. सबंध योजनेत आमच्या ऑफिसकडं आलेला तो एकुलता एक अर्ज.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'रोगाचे स्थान'. मी लिहिलं, 'डावा पाय'. चूक माझी, कबूल करते. पण दुसरं काय लिहायचं होतं? सरकारी डॉक्टरांनी सुभेदाराला तपासून दाखला दिला, त्यात प्रामाणिकपणे लिहिलं, 'डावा पाय गुडघ्याखाली नाही.' दोन्ही कागद एकाला एक लावून जमादारांनी स्वतः टपालात टाकले आणि महिन्याभरात सगळं परत आलं. वर लाल शाईत शेरा होता. 'रोगाचे स्थान डावा पाय असे नमूद केले आहे. तथापि अर्जदारास डावा पाय नसल्याचे दाखल्यावरून दिसते. सदर विसंगती दूर करून प्रस्ताव फेरसादर करावा.'

साहेबांनी तो शेरा दोनदा वाचला. वाईट माणूस नव्हता तो. "खराडे, तांत्रिक अडचण आहे," म्हणाले. "एक तर रोग दुसरीकडे दाखवावा लागेल, नाहीतर पाय."

दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. जमादार उंबऱ्यापाशी उभे होते. तिथनंच म्हणाले, "साहेब, स्थळपंचनामा करू का?"

"कशाचा?"

"पायाचा."

"अहो, पण पाय नाहीये ना!"

"मग नसल्याचा करतो. चोरी झाल्यावर मोकळ्या कपाटाचा करतातच की पोलीस."

साहेबांनी पंख्याकडं बघितलं. नियमात नसल्याचा पंचनामा करू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. "करा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमादार माझ्याशेजारी स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि सांगायला लागले. त्याची कार्बन प्रत माझ्याजवळ आजही आहे, म्हणून जसंच्या तसं देते.

'आमी खाली अंगठे करनार पंच, एक दवंडीवाला व एक म्हातारी, सुभेदार मजकूर यांचे पडवीत समक्ष हजर ऱ्हाऊन लिवून देतो की, बाजेवर इसम एक बसलेला. उजवा पाय जाग्यावर. डावा पाय गुडघ्याखाली न्हाई. सदर नसलेल्या पायाची चतुःसीमा: पूर्वेस उजवा पाय, पश्चिमेस भिंत, उत्तरेस बाजेचा खूर, दक्षिणेस गुडघा. मधी मोकळी जागा. सदर मोकळ्या जागेवर इसमाने पंचांसमक्ष वाकळ वढून घेतली व चारी बाजूने नीट केली. त्याची बायको हौसाबाई पडवी झाडत हुती. तिने सदर मोकळ्या जागेस झाडू लागू दिला न्हाई, वळसा घालून झाडले. असे का म्हनून विचारता ती म्हनाली, लागंल त्यास्नी. यावरून पंचांची खात्री झाली की पाय जाग्यावर न्हाई परंतु दुखने जाग्यावर हाय. सबब रोगाचे स्थान डावा पाय हे बरोबर हाय.'

माझी बोटं सवयीनं दुरुस्तीला निघाली होती. 'लागंल'वर आले आणि मला ते 'लागेल' करवेना. आजवर त्यांचं जे जे मी सुधारलं होतं त्याची लाज वाटली. मशीनमधला कागद काढून नवा घातला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एक अक्षर बदललं नाही, त्यांच्या तोंडून आलं तसं कागदावर ठेवलं. शेवटी शेवटी तर कागद मला दिसेनासा झाला. रिबन जुनी झाली, असं मी सगळ्यांना सांगितलं. रिबन नवी होती, रडत होते मी.

म्हातारीनं अंगठा देताना जमादारांना विचारलं होतं म्हणे, "आज तरी रोज मिळंल का?" जमादारांनी तिला चहा पाजला.

दिवाळी झाली. जमादारांचा शेवटचा दिवस उजाडला आणि वरून कागद काही आला नाही. निरोपाचा समारंभ दुपारी ठेवला होता. नारळ, शाल, हार, साहेबांचं भाषण. जमादार हार घालून खुर्चीत बसले होते, पण डोळे दाराकडं. साहेब 'कर्तव्यदक्षता' या शब्दावर आले होते तेवढ्यात टपाल आलं. मी मागं बसून एकेक पाकीट फोडत होते. तिसऱ्या पाकिटात परवाना निघाला. सुभेदाराच्या नावाचा, शिक्क्यासकट.

मी उठून तो जमादारांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि उठले. साहेबांना वाकून नमस्कार केला, म्हणाले, "साहेब, भाषन झ्याक हाय. चालू द्या. मिरजंचा वैद्य पाचला बंद करतो." आणि हारासकट, शालीसकट, सायकलवर टांग टाकून गेले. साहेबांनी रिकाम्या खुर्चीपुढं उरलेलं भाषण पुरं केलं, कारण लिहून आणलं होतं.

त्यानंतर वर्षभर ते ऑफिसात फिरकले नाहीत. ऐकायला यायचं की दर महिन्याला हौसाक्काबरोबर मिरजेला जातात आणि वैद्यांच्या तराजूवर स्वतः डोळा ठेवून पुडी घेतात. डबा खायला बसलं की माझ्या लोणच्याकडं कुणी बघत नसे. मला आवडत नव्हतं ते.

मग पुन्हा एक परिपत्रक आलं. 'अल्प प्रतिसादामुळे' योजना बंद करण्यात आली होती, दिलेले परवाने परत जमा करायचे होते. साहेब मला म्हणाले, "फॉर्म तुम्हीच भरला होता, तुम्हीच जाऊन या." आष्ट्यापर्यंत एसटीनं गेले आणि पुढं वाडीपर्यंत चालत. एवढं जड पाकीट मी जन्मात कधी उचललं नव्हतं. हौसाक्काला काय सांगायचं, याचीच जुळवाजुळव चालली होती डोक्यात.

भर दुपार होती. पडवीत बाजेवर सुभेदार झोपला होता. तोंड उघडं, घोरणं आतल्या खोलीपर्यंत जावं असं. वाकळ दोन्ही बाजूंना सारखी पांघरलेली. आणि बाजेशेजारी घोंगड्यावर खराडे जमादार. हातात कपबशी होती, गळ्याला एवढ्या उन्हात मफलर होता, आणि ते बसले होते. बसून चहा पीत होते.

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मी हळू आवाजात परिपत्रक वाचून दाखवलं. हौसाक्का आतनं आली, देवाच्या फोटोमागून परवाना काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला, आणि माझ्या हातात दिला. रडणं नाही, विनवणी नाही, आदळआपट नाही. मला कळेना. हिचा नवरा आता झोपणार कसा, याची काळजी मला होती आणि तिला नव्हती.

तेवढ्यात गोठ्याकडून वारा आला. मी त्या ऑफिसात बरीच वर्षं काढली होती, मुद्देमालाच्या खोलीशेजारी बसून. मलासुद्धा वास कळला. मी जमादारांकडं बघितलं. त्या नाकानं, उसाच्या फडातली हातभट्टी सायकलवरून हुडकणाऱ्या त्या नाकानं, शांतपणे मफलर वर ओढून घेतला होता.

मी गोठ्याच्या दिशेनं एक पाऊल टाकलं.

"मशीनबाई," ते मफलरच्या आतून म्हणाले, "तकडं जाऊ नगा. गेलासा तर लिवावं लागंल."

"तुम्ही गेला नाहीत?"

"मी रोज येतो, हितंच बसतो. गोठ्याचं मला काय ठावं?" मग बाजेकडं बघून डोळे मिटले आणि अगदी हळू, झोपलेल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "पूर्वेस कोंबड्या, पश्चिमेस भिंत, उत्तरेस हौसाक्का, दक्षिणेस आपुन दोगं. मधी झोप, नग एक. मुद्देमाल जाग्यावर हाय."

मी तशीच उभी होते, एका हातात परवाना आणि एका हातात परिपत्रक. हौसाक्का चहा घेऊन बाहेर आली. तिनं गोठ्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं, बराच वेळ.

"बसा की, बाई," ती म्हणाली.

मी गोठ्याकडं पाठ करून बसले.